दाबून ठेवलेली कळ

रविवार, रात्री साडेदहा.

आज रनीमीडला, दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई दलाच्या स्मारकाला जाऊन आलो. स्लाउहून गाडीने अर्धा तासही लागत नाही, पण इथे इंग्लंडला येऊन अकरा वर्षं झाली तरी पाय वळले नव्हते. आजही गेलो ते शेजारच्या आजींसाठी. गुडघ्यांमुळे त्यांचं जाणं बंद झालंय. पॅनेलचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाल्या, "भावाच्या नावावरून माझ्या वतीने हात फिरवून ये."

कूपर्स हिलवरचं हे स्मारक 1953 चं. ज्यांना कबरच मिळाली नाही अशा वीस हजारांहून जास्त वैमानिकांची आणि हवाई दलातल्या इतरांची नावं अरुंद खिडक्यांच्या कडेच्या दगडात कोरली आहेत. आधी वर्ष, मग हुद्दा. वय कुठेच नाही. आजींचा भाऊ वीस वर्षांचा होता. 1943 मधल्या सार्जंटांची यादी संपता संपत नाही. दहा मिनिटं शोधत होतो. बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाच्या, विमानांवरच्या सव्वा लाख जणांतले 55,573 गेले, हा आकडा वाचून माहीत होता. बोट ठेवून एकेक नाव खाली उतरताना तो वेगळाच लागला.

भाऊ लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानावर होता, सात जणांतला वायरलेस ऑपरेटर. विमान समुद्रात उतरवायची पाळी आली की त्याने धोक्याचा संदेश पाठवायचा आणि मोर्सची कळ दाबलेलीच अडकवून ठेवायची. म्हणजे सूर अखंड जात राहतो आणि किनाऱ्यावरच्यांना त्यावरून विमानाची जागा काढता येते. मग पाठ टेकून धक्क्याची वाट बघायची. रबरी होडी पंखात असते, पाणी लागलं की आपसूक फुगते. फुगली तर. उत्तर समुद्राचं जानेवारीतलं पाणी माणसाला फार वेळ देत नाही.

आमच्या देवगडला म्हणतात, समुद्र कुणाचं काही ठेवून घेत नाही. याने घेतलं.

घरी आधी 'बेपत्ता' अशी तार आली. काही महिन्यांनी 'मृत समजण्यात येत आहे' असं पत्र. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. परसातल्या शेडमध्ये भावाची सायकल होती. दर शनिवारी तिच्यात हवा भरायचं काम आईने त्यांच्याकडे दिलं. आला की आल्याआल्या पंप शोधत बसायला नको, म्हणून. पत्र आल्यावरही ते काम थांबलं नाही. लग्न होऊन आजी सासरी गेल्या, तेव्हा आई स्वतः भरू लागली.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. फोटो मोठा करून दाखवला. हात फिरवलास का, हे त्यांनी विचारलंच नाही. चष्मा लावून अक्षरं मोजली. तारेत आडनावातलं एक अक्षर गळलं होतं म्हणे. त्यावरून आई कितीतरी दिवस म्हणत राहिली, हा आपला नव्हेच, दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

"दगडावर बरोबर आहे," आजी म्हणाल्या आणि भिंतीला धरत चहा टाकायला उठल्या.