शंभराला अडीच कमी

पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं, हे आम्ही खालच्या वर्गांपासून घोकत आलो. त्या वाक्याला एक शेपूट असतं: 'एक वातावरण दाबाला'. ते धड्यात वाचायचं आणि पेपरात गाळायचं, असा रिवाज. बेळगावच्या पोरांना हा रिवाज परवडत नाही, हे मला नववीत कळलं.

तोवर आमचे प्रयोग वहीतच व्हायचे. लॅबच्या कपाटाला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडे. साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. वरच्या वर्गातल्या कुणाची वही मिळाली की निरीक्षणंसुद्धा उतरून काढता यायची. लंबकाला कुणी बोटही लावलेलं नसायचं, तरी g (गुरुत्वत्वरण) मात्र सगळ्यांचा 9.8 यायचा.

नववीला आलेल्या नव्या सरांनी कुलूप काढायला लावलं. स्पिरिट लॅम्प, बीकर, थर्मामीटर. पाणी खळखळायला लागलं आणि पारा 97 नि 98 च्या मध्ये जाऊन जो बसला तो हलेचना.

"सर, थर्मामीटर बाद आहे."

"बाद आहे म्हणतोस, तर दाखव की सिद्ध करून."

पुढचा तास माझ्या दृष्टीनं अख्ख्या शालेय भौतिकशास्त्राचा अर्क होता. समोरच्या सरबताच्या गाड्यावरून बर्फ आणला, चुरला, तो वितळताना त्यात थर्मामीटर ठेवला. बरोबर शून्य. दुसरा थर्मामीटर आणला, तोही तिथंच अडला. पाण्यातून वर काढून नुसत्या वाफेत धरला, तरी तेच. वर्गातला एक हुशार म्हणाला, "खरं सर, पुस्तकात शंभर आहे." सर म्हणाले, "संध्याकाळी स्टेशनवर जाऊन पाटी वाचून या."

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावासोबत समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली असते. आम्ही ती पाटी जन्मापासून बघत होतो, वाचली त्या दिवशी. बेळगाव समुद्रापासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे. म्हणजे डोक्यावरची हवा तेवढी कमी. समुद्रकाठी हवा पाऱ्याचा 760 मिलिमीटरचा स्तंभ तोलून धरते, आमच्याकडे साधारण 695 चा. वरून दाबणारं ओझं कमी, म्हणून पाण्याची वाफ लवकर सुटते. ढोबळमानानं दर 300 मीटरला एक अंश कमी. साडेसातशेला अडीच. हिशेब जुळला आणि वर्गात उगीचच टाळ्या पडल्या.

ते शेपूट काही पुस्तकवाल्यांनी हौसेनं लावलेलं नाही. 1742 साली मोजपट्टी मांडताना खुद्द सेल्सिअसनं उत्कलनांक हवेच्या दाबावर कसा अवलंबून असतो ते तपासलं होतं. (त्याच्या मूळ पट्टीत उकळणं 0 वर होतं आणि गोठणं 100 वर, उलटापालट नंतरची.)

घरी येऊन मी आईला सांगितलं की आपली डाळ उघड्या पातेल्यात साडेसत्त्याण्णव अंशांवरच शिजते, गॅस कितीही मोठा केलास तरी त्याच्या वर जायची नाही. कुकरमध्ये आतला दाब वाढतो म्हणून पाणी 120 अंशांच्या आसपास पोचतं, एरवी आपण कोकणापेक्षा मागेच. ती म्हणाली, "मग काय करू? डाळ वेंगुर्ल्याला नेऊन शिजवू?"

वेंगुर्ल्याला आमची आत्या. थर्मामीटर बसमधून न्यायला सर देणार नव्हतेच, त्यामुळे मे महिन्यात मी प्लास्टिकची रिकामी बाटली नेली, बेळगाव स्टँडवर बूच घट्ट लावून. आत बेळगावची हवा, खाली उतरल्यावर बाहेरची हवा जास्त दाबणार, ते बघायचं होतं. मोठ्या लोकांनीही प्रवासातूनच हे तपासलेलं आहे. 1648 मध्ये पास्कालनं पाऱ्याची नळी घेऊन डोंगर चढायला आपल्या बहिणीच्या नवऱ्याला पाठवलं. स्वतः गेला नाही. भावोजी बिचारे फ्रान्समधला प्वी द दोम चढले, वर पारा सुमारे तीन इंच खाली आलेला दिसला, आणि खाली गावात ठेवलेल्या दुसऱ्या नळीतला पारा मात्र दिवसभर जागचा हलला नाही. ती दुसरी नळी मला फार आवडते. तिच्याशिवाय हवा बदलली की उंची, हे ठरलं नसतं. माझी दुसरी बाटली घरी फळीवर होती.

शिनोळीला राज्य बदललं, पाट्या बदलल्या, बाटली जशीच्या तशी. चंदगड तालुका मागे पडला तरी जशीच्या तशी. आंबोलीचा घाट उतरताना कानात दडे बसले आणि बाटलीच्या कुशी आत जायला लागल्या. सावंतवाडीला ती चांगलीच चेपलेली होती. कंडक्टरनं विचारलं, फेकायची काय? मी ती छातीशी धरून बसलो.

परतीच्या वाटेवर लक्षात आलं की घाट चढून आंबोलीला आलो, तरी पुढे बेळगावपर्यंत उतरण अशी लागतच नाही. घरी नकाशाचं पुस्तक काढलं. थंड हवेचं ठिकाण म्हणून मिरवणारी आंबोली 690 मीटरवर, आणि आमचं बेळगाव तिच्याहून वर! तरीही दर पावसाळ्यात बेळगावकर गाड्या भरभरून 'वर आंबोलीला' निघतात. मी एकदा गाडीत ही माहिती दिली होती. मामा म्हणाले, "असू दे. तिथं भजी गरम मिळतात."