कोंबड्यांच्या आवाराचं लाकूड

आज दिवसभर अंगावर लाकडाचा भुसा! इंदूरच्या घराच्या परसात कोंबड्यांना मोकळं फिरायला जाळीचं आवार करतोय. जुन्या पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी चौकटींच्या) फळ्या आणल्या, त्याही 'एचटी' शिक्का बघूनच, म्हणजे नुसत्या उष्णतेची प्रक्रिया केलेल्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीडनाशक वायूची प्रक्रिया केलेल्या, त्या तिथेच सोडल्या. कोंबड्या दिसेल त्याला चोच मारतात, इथे तडजोड नकोच. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. बाबा म्हणाले, "धूळ नीट पूस रे आधी." मग वॉटर बेस्ड स्टेन (लाकडात मुरणारा पाण्यातला रंग) फडक्याने लावला, जास्तीचा लगेच टिपला. कापलेल्या टोकांना मात्र दोन हात. पावसाचं पाणी तिथूनच जास्त शिरतं. फळ्या पुरत्या वाळून वास जाईपर्यंत कोंबड्या जुन्याच खुराड्यात.