आमची वाटचाल : टारबॉलकडून टॅगकडे

भोसरीत आम्ही कारखान्यांसाठी डेटा गेटवे बनवतो. मीटरचं रीडिंग मॉडबसवरून (कारखान्यातल्या यंत्रांची संवादपद्धत) घ्यायचं आणि सर्व्हरला पाठवायचं, एवढंच त्याचं काम. आत ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसारख्या छोट्या उपकरणांची खुली ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे मुख्यतः लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि बिझीबॉक्स (छोट्या कमांडचा संच). दोन्ही जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली. त्यामुळे सोर्स (मूळ कोड) द्यावाच लागतो, तोही बिल्डच्या, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बनवायच्या, स्क्रिप्टसकट. मुळात ओपनडब्ल्यूआरटी जन्मलं तेच यातून. २००३मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये जीपीएलचा कोड निघाला, कंपनीला सोर्स खुला करावा लागला आणि त्यावर लोकांनी हा प्रकल्प उभारला.

सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही प्रत्येक फर्मवेअरबरोबर (गेटवेत चालणारं सॉफ्टवेअर) एक टारबॉल, म्हणजे सोर्सच्या फाइलींचा बांधलेला गठ्ठा, द्यायचो. नियम पाळला जायचा, पण वाचणाऱ्याच्या हाती फार काही लागत नसे. वॉचडॉगचा (उपकरण अडकलं तर ते पुन्हा चालू करणारा टायमर) टाइमआउट का वाढवला, असं एका ग्राहकाच्या इंजिनिअरने विचारलं. उत्तर आमच्या आतल्या गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारी प्रणाली) व्यवस्थित लिहिलेलं होतं, त्याला ते दिसायची सोय नव्हती.

मग गिटच खुलं करायचं ठरलं. खरी मेहनत इथे होती. जुन्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलांच्या नोंदी) ग्राहकांची नावं, सर्व्हरचे पत्ते, चाचणीच्या गुप्त किल्ल्या (की), सगळं मिसळलेलं. म्हणून जुना इतिहास आतच ठेवला आणि बाहेर मूळ ओपनडब्ल्यूआरटीवर आमचा एकेक बदल वेगळा कमिट म्हणून रचला : बोर्डाची डिव्हाइस ट्री (बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणारी फाइल), आरएस-४८५ (मीटर जोडायची वायरिंगची पद्धत), वॉचडॉग. प्रत्येकाखाली कारण लिहिलं. (कमिटला ‘आता तरी चाल’ असं लिहायची आमच्या पोरांची सवय मोडायला कोड लिहिण्याहून जास्त वेळ गेला.)

मार्च २०२४मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचं प्रकरण बाहेर आलं. ५.६.० आणि ५.६.१च्या टारबॉलमध्ये बिल्डची एक फाइल होती, जी गिटमध्ये नव्हतीच. तिच्यामुळेच बॅकडोअर (आत शिरायची लपवलेली चोरवाट) चालू व्हायचं. ते वाचल्यावर हाताने टारबॉल बांधणं आम्ही बंद केलं. आता गिटमधल्या ठरावीक आवृत्तीवर डिजिटल सही केलेला टॅग (खूण) लागला की बिल्ड सर्व्हर त्यातूनच फर्मवेअर आणि सोर्स काढतो आणि दोन्ही एकाच दिवशी बाहेर पडतात.

स्पर्धक कोड उचलतील, ही माझ्या भागीदाराची काळजी अजून आहे. उचलू देत. आमची कमाई बोर्ड आणि सर्व्हिसवर आहे. उलट जो पॅच (आमचा बदल) मूळ ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पात जातो, तो पुढच्या आवृत्तीवर पुन्हा चढवायचं काम आमच्या डोक्यावरून उतरतं. डिव्हाइस ट्री आता तिकडे पाठवायच्या तयारीत आहोत.