पुढे चढ नाय

किनाऱ्यालगतचा रस्ता सपाट असतो, हा समज ज्याने पसरवला त्याला एकदा गुहागर ते गणपतीपुळे सायकलवर पाठवायला हवं. नकाशावर अंतर जेमतेम ६०-६५ किलोमीटर, त्यात तवसाळ ते जयगड फेरीबोट. आदल्या दिवशी मी आणि माझ्या मित्राने दापोलीहून निघून दाभोळची खाडी ओलांडली होती, त्यामुळे अंगात थोडा माज होता. पोहे, दोनदा चहा, व्याडेश्वराचं दर्शन असं करत नऊ वाजवले. डिसेंबर असला तरी कोकणातले नऊ म्हणजे ऊनच.

इथे गावं खाली खाडीपाशी आणि रस्ता वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळावर. पालशेतला उतरा, चढा. वेळणेश्वरला उतरा, चढा. हेदवीला तेच. घाट निदान एकदा चढला की संपतो. इथे तासभर घाम गाळून कमावलेली उंची दोन मिनिटांच्या उतारात उधळायची आणि पुन्हा पहिल्या गिअरवर मजुरीला लागायचं. वर काळा पडलेला जांभा, वाळकं गवत, आणि सावलीच्या नावाने बोंब.

पुढे चढ आहे का, असं कुणाला विचारण्यातही अर्थ नसतो. "नाय ओ, सरळ रस्ता." सांगणारा मोटारसायकलवर बसलेला. ज्या चढाला गिअर बदलावा लागत नाही, तो त्याच्या हिशेबात चढच नव्हे.

मित्र चढावर कधी उतरत नाही, मी उतरून ढकलतो. त्यामुळे आमचं बोलणं फक्त माथ्यावर व्हायचं. हेदवीच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. बोट गाठायची घाई, म्हणून जादाची ट्यूब घातली, हवा भरली, निघालो. दोन किलोमीटरवर पुन्हा फुस्स. आता पॅच लावण्यावाचून इलाज नव्हता. भोक शोधायला पाणी हवं, आणि बाटलीत दोन घोट उरलेले.

"ट्यूबला की आपल्याला?" मी विचारलं.

त्याने उत्तर दिलं नाही. ट्यूब फुगवली आणि ओठांजवळून हळूहळू फिरवत नेली, बासरीवाल्यासारखी. एका जागी थांबला. हवेची बारीक रेघ ओठाला बरोबर कळते. मग टायरच्या आतून बोट फिरवून नखाएवढी तार उपसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ट्रकच्या फाटक्या टायरमधली असावी. ट्यूब बदलताना टायर आतून चाचपायचा असतो, आणि मी तेवढंच विसरलो होतो. तो एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. चढापेक्षा मला तेच जास्त जड गेलं.

तवसाळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट पन्नासेक हात पुढे गेलेली. पुढची येईपर्यंत बसून राहिलो. त्याने पिशवीतून चिक्कीची शेवटची वडी काढून गुडघ्यावर तोडली. तुकडे लहानमोठे झाले. मोठा त्याने निमूटपणे स्वतः खाल्ला, आणि मला एकदम हलकं वाटलं.

बोटीवर सायकली कठड्याला टेकवल्या. दिवसभरातला सपाट टप्पा काय तो हाच, शास्त्री नदीच्या पाण्यावरचा. पलीकडे उतरता उतरता मित्राने एका खलाशाला विचारलं, "गणपतीपुळ्याच्या रस्त्याला चढ आहे का हो?"

"नाय ओ."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी निमूट पहिला गिअर टाकला.