बॅकहँडला कोणतं चिकट रबर लावावं: माझा अनुभव

आमच्या भुसावळच्या हॉलमध्ये एक निवृत्त गार्डकाका टेबल टेनिस खेळायला येतात. पाय आता पूर्वीसारखे हलत नाहीत, पण सर्व्हिस अजून तशीच आहे. बॅकहँडच्या कोपऱ्यात, जाळीला लागून आखूड. कधी खालून कट (उलटी फिरकी), कधी कडेने कट, आणि हाताची हालचाल दोन्ही वेळा सारखीच. माझ्या बॅटीच्या बॅकहँडच्या बाजूला तेव्हा उसळतं, स्प्रिंगसारखं रबर होतं. बॅट नुसती टेकवली तरी बॉल उडून वर यायचा आणि काका पुढच्याच फटक्यात पॉइंट संपवायचे. वर्षभर मी हा माझ्या हाताचाच दोष समजत होतो. एकदा काकांनीच माझी बॅट हातात घेतली, रबरावर अंगठा दाबला आणि म्हणाले, "हे फार उड्या मारतं. तुला बॉल धरून ठेवणारं पाहिजे."

तिथून चिकट रबराचा शोध सुरू झाला. अट एकच, हजाराच्या आत बसलं पाहिजे. नावाजलेली जपानी आणि जर्मन रबरं चार-पाच हजारांच्या घरात जातात आणि आठवड्यात चार दिवस खेळलं की काही महिन्यांत मरतात. एका पगारदार माणसाला हे झेपत नाही. चिनी चिकट रबरं मात्र अजूनही स्वस्त मिळतात: थ्येनचिनचं ७२९, यिनहेचं मर्क्युरी २ आणि मून, पालिओचं सीजे ८०००.

ज्याला विचारावं तो नको म्हणे. अमळनेरचा माझा मित्र तर फोनवर एका वाक्यात मोकळा झाला, "चिकट रबर फोरहँडले लावतस भो, बॅकहँडले नही." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. फोरहँडला चिकट, कडक रबर आणि बॅकहँडला उसळतं, मऊ रबर ही जोडी कित्येक चिनी खेळाडूंनी वर्षानुवर्षं वापरली आहे. त्यामागे कारण आहे. फोरहँड मारताना कंबर, खांदा आणि आख्खा हात फिरतो. बॉल इतक्या जोरात आदळतो की रबराच्या वरच्या पापुद्र्याखालचा कडक स्पंजही दबतो. बॅकहँड छातीसमोरून निघतो. फिरवायला जागा कोपरापासून मनगटापर्यंत, तेवढीच. त्या ताकदीत कडक स्पंज दबतच नाही, आणि स्पंज दबला नाही तर बॉल वरच्यावर घसरून जाळीत जातो.

हे मला आज कळतं. तेव्हा मी जे सगळे फोरहँडला लावतात तेच एक नावाजलेलं रबर मागवलं, ४० डिग्री कडक स्पंजचं. प्लास्टिक काढून बॉल दाबला आणि बॅट उलटी केली, तर बॉल लोंबकळत राहिला. मी मोजले, सात सेकंद. मला वाटलं, काम झालं. खेळायला लागल्यावर पुश (बॉल खालून हलका कट देऊन परतवणं) सुरेख बसायचा, पण टॉपस्पिन (बॉल वर घासून पुढे फिरवणारा फटका) मारायला गेलो की दहातले सहा बॉल जाळीत. पंधरा दिवसांत मनगट दुखायला लागलं. सराफ्यात एका ओळखीच्या दुकानात काट्यावर वजन केलं तर कापलेलं रबर ५० ग्रॅम भरलं. आधीचं उसळतं ४४ होतं. सहा ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं ऐकताना वाटतं, पण ते बॅटच्या डोक्याकडे येतात आणि बॅकहँडला मनगटालाच उचलावे लागतात. ही चूक रबराची नव्हती, ते दुसऱ्या कामासाठी केलेलं होतं. मी चिकटपणा पाहिला आणि स्पंज पाहिलाच नाही.

बॉल किती सेकंद लोंबकळतो यावरून रबर निवडू नका, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. चिकटपणा टॉपशीटचा, म्हणजे रबराच्या वरच्या पापुद्र्याचा असतो. बॉल हळू लागतो तेव्हा, म्हणजे पुश, आखूड रिसीव्ह (सर्व्हिस परतवणं) आणि सर्व्हिस यांत तो कामाला येतो. फटका जोरात लागला की खरं काम स्पंज करतो. माझी नवी चाचणी साधी होती. हॉलमधल्या तीन-चार जणांच्या बॅटा मागून घेतल्या, टेबलावर सपाट धरल्या आणि एका हाताच्या उंचीवरून बॉल सोडला. बॉल जितका कमी वर येतो तितकं रिसीव्ह करणं सोपं. मग अंगठ्याने स्पंज दाबून पाहिला, आणि शेवटी प्रत्येक बॅटीने फक्त कट बॉलवर बॅकहँड टॉपस्पिन मारले. जे रबर या तिन्हींत बरं वाटलं ते एका कॉलेजच्या मुलीच्या बॅटीवर होतं. यिनहे मर्क्युरी २, सॉफ्ट.

डिग्रीच्या आकड्यावरही थोडं थांबायला हवं, कारण मी त्यातच फसलो होतो. चिनी कंपन्या स्पंजचा कडकपणा ज्या मापाने सांगतात ते माप आणि जर्मनीत बनणाऱ्या रबरांचं माप एक नाही. चिनी ३९ म्हणजे जर्मन मापात साधारण ५० च्या आसपास. पाकिटावर ४० वाचलं आणि मला वाटलं, हे आधीच्या ४५ वाल्यापेक्षा मऊच असणार. झालं उलटं. ज्या पाकिटावर सॉफ्ट, मिडियम, हार्ड असं सरळ लिहिलेलं असतं, तिथे बॅकहँडसाठी सॉफ्टच घ्यावं. माझं हे मत आता पक्कं आहे. स्पंजची जाडी २.२ मिलिमीटरपर्यंत मिळते, मी २.० घेतली. नियमाप्रमाणे टॉपशीट, स्पंज आणि खळ मिळून ४ मिलिमीटरच्या वर जाता येत नाही. माझ्यासारख्याला ब्लॉक (समोरचा जोराचा फटका बॅट आडवी धरून परतवणं) टेबलावर ठेवायचा असेल तर दोन पुरे.

मागवतानाही एक अडचण आली. माझं फोरहँडचं रबर काळं आहे, तेव्हा दुसरी बाजू काळी चालत नाही. पूर्वी लाल-काळं हीच जोडी सक्तीची होती. ऑक्टोबर २०२१ पासून काळ्याच्या जोडीला निळा, हिरवा, जांभळा, गुलाबी हे रंगही चालतात. पण स्वस्त चिकट रबर त्या रंगांत शोधत बसण्यात अर्थ नव्हता. मला लाल हवं होतं आणि दुकानदाराकडे सॉफ्टमध्ये फक्त काळं शिल्लक होतं. तो म्हणाला, "मिडियम लाल आहे, पाठवून देऊ?" मी नको म्हटलं आणि तीन आठवडे थांबलो. मधल्या काळात दुसऱ्या एका ठिकाणी ते फार स्वस्त दिसलं, पण फोटोत हँडलजवळच्या पट्टीवर आयटीटीएफची (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाची) खूणच नव्हती. ती नसेल तर स्पर्धेत पंच बॅट बाजूला ठेवायला लावतात. तो मोह टाळला. शेवटी लाल सॉफ्ट कुरियरसह साडेआठशेला पडलं.

एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो, म्हणून चिकटवायला पहाटे पाचला बसलो. पाण्याची खळ दुधासारखी पांढरी असते आणि सुकली की पारदर्शक होते. पाकिटावर दहा-पंधरा मिनिटं लिहिली होती, इथे पाच मिनिटांत थर सुकला. दुपारी बसलो असतो तर पसरवतानाच गोळे झाले असते. बॅटीच्या लाकडाला खळीचा एक हात आणि स्पंजला दोन, कारण स्पंज पहिला हात पिऊन टाकतो. हँडलच्या बाजूने रबर टेकवून हळूहळू वर लाटण्याने सरकवत नेलं. इथे रबर ओढायचं नाही, हे काकांनी बजावून सांगितलं होतं. ताणून चिकटवलं तर आठ दिवसांत आकसतं आणि कडेला लाकूड उघडं पडतं. एक रात्र पुस्तकांखाली दाबून ठेवलं, सकाळी नव्या ब्लेडने कडा कापल्या आणि तीच सराफ्याची वारी पुन्हा केली. ४५ ग्रॅम.

पहिले दोन आठवडे ब्लॉकने त्रास दिला. उसळत्या रबराला बॅट नुसती दाखवली की बॉल परत जातो. हे रबर तसं करत नाही, बॉल जाळीशी मरतो. बॅट किंचित पुढे न्यावी लागते, तळहाताने दार ढकलावं इतकीच. सपाट मारायलाही याचा उपयोग कमी. ज्याचा बॅकहँड मुळात सपाट फटक्यांचा आहे त्याने हे घेऊ नये. पण कटवर मनगट झटकून बॉल खालून वर घासला की जो फिरत जातो, तो मला आधी कधी जमला नव्हता. आणि काकांची आखूड सर्व्हिस! समोरच्याचा स्पिन हेही रबर पकडतं, त्यामुळे सर्व्हिस ओळखायला लागतेच, त्यातून सुटका नाही. मात्र स्प्रिंग नसल्याने चुकलो तरी बॉल हातभर वर उडत नाही. बॅट उघडी ठेवून खालून हलकेच लावलं की बॉल पलीकडे दोन टप्पे खातो. पहिल्यांदा असा दोन टप्प्यांचा रिसीव्ह पडला तेव्हा काका जागेवर थांबले, बॉलकडे पाहिलं, आणि पुढची सर्व्हिस लांब टाकली. दीड वर्षात त्यांनी मला बॅकहँडला लांब सर्व्हिस टाकल्याचं आठवत नव्हतं.

खान्देशात हे रबर सांभाळायचं म्हणजे धुळीशी रोज गाठ. टेबलावर बॉल दोनदा टाकला तरी रबरावर धुळीचा गोल ठसा उठतो. मी सुरुवातीला सुती फडक्याने पुसायचो. उजेडात धरून पाहिलं तर टॉपशीटवर कापसाचे बारीक तंतू चिकटलेले, आणि त्या जागी बॉल घसरत होता. आता ओला करून घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा वापरतो, साबण नाही, आणि वाळल्यावर लगेच प्लास्टिकची फिल्म. स्कूटरच्या डिकीत बॅट ठेवायची नाही, दुपारी दहा मिनिटांसाठीसुद्धा नाही.

कूलरची गोष्ट मात्र मला कोणीच सांगितली नव्हती. पंख्याने २.७ ग्रॅमचा बॉल वाट बदलतो म्हणून आम्ही पंखे बंद ठेवतो आणि खिडकीतला कूलर दूरच्या टोकाला चालू असतो. मे महिन्यात त्या टोकाला माझा बॅकहँड अचानक घसरायला लागला. बाजू बदलली की ठीक, परत गेलो की पुन्हा तेच. कूलरच्या हवेतला ओलावा टॉपशीटवर बसत होता, बोट फिरवलं की ओलसर लागायचं. तेव्हापासून त्या बाजूला असलो की सहा पॉइंटनंतर टॉवेलसाठी थांबता येतं ना, तेव्हा आधी रबरावर कोरडा तळहात फिरवतो. पावसाळ्यात हाच उपाय दोन्ही टोकांना लागतो.

आता ऑगस्ट संपत आला. मधल्या भागाचा चिकटपणा उतरलाय, बॉल लोंबकळत नाही, पण रिसीव्ह अजून आखूड पडतो. दिवाळीच्या आधी बदलावं लागेल. दुकानदाराला आत्ताच सांगून ठेवलंय: लाल, सॉफ्ट, २.०. दोन ठेवा म्हटलं, कारण दुसरं काकांना हवंय.