मेयो गोड कशाला?

मेयो आवडतं मला, हे आधीच सांगून टाकते. कारण आमच्या वयाच्या बायकांनी मेयोला नावं ठेवायची असा रिवाजच झालाय, कुठल्याही भिशीत विषय काढून बघा, "काय तो मेला मेयो, सगळ्यात घालतात हल्ली", डोशात मेयो, फ्रँकीत मेयो, मोमोबरोबर मेयो, आणि आमच्या इथला वडापाववाला सुद्धा आता विचारतो, ताई मेयो मारू का. मारा की. लसणाची कोरडी चटणी आणि मेयो पावात एकत्र आले की चटणी कोरडी घशात अडकत नाही, वडा गिळायला पाणी लागत नाही, चांगलं लागतं हो. माझी तक्रार मेयोबद्दल नाहीये, त्यातल्या साखरेबद्दल आहे.

आपल्याकडे विकतच्या मेयोला कुणी नाक मुरडलं की लगेच ऐकायला मिळतं, एगलेस आहे ना ते, मग असंच लागणार, खरं मेयो अंड्याचंच. हे मला अजिबात पटत नाही. पाकीट उलटं करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा, चष्मा लावून. तेल, पाणी, साखर, मग मिल्क सॉलिड्स, थिकनर, व्हिनेगर, प्रिझर्व्हेटिव्ह, बहुतेकांचं थोड्याफार फरकाने असंच असतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, म्हणजे साखर वर असेल तर ती खरंच तेवढी आहे, चिमूटभर नाही. अंडं काढलं त्याने बिघडलं नाही, गोड केलं त्याने बिघडलं.

अंडं का काढलं ते उघड आहे. आपल्या नियमांत अंडं नॉनव्हेजमध्ये मोडतं, त्यामुळे अंड्याचं मेयो असेल तर पाकिटावर हिरवा ठिपका जाऊन तपकिरी त्रिकोण येतो आणि आमच्या सासूबाईंसारखी माणसं ते फ्रिजमध्ये सुद्धा ठेवू देत नाहीत. मग कंपन्यांनी दूध घातलं. आणि दूध काही वाईट पर्याय नाही, मेयोची सगळी गंमत तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवण्यात आहे, तेलाचे अगदी बारीक बारीक थेंब करायचे आणि ते परत एकमेकांना चिकटणार नाहीत असं काहीतरी मध्ये घालायचं. अंड्याच्या बलकात ते काम लेसिथिन आणि प्रथिनं करतात, दुधात केसीन नावाचं प्रथिन करतं. झालं.

बरं गोड मेयो हा फक्त आपलाच रोग आहे असंही नाही. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३३ साली, शिकागोच्या वर्ल्ड फेअरमध्ये क्राफ्ट कंपनीने मिरॅकल व्हिप आणलं, मेयोपेक्षा तेल कमी, स्वस्त आणि चवीला गोडसर. तिकडच्या नियमाप्रमाणे मेयोनेज म्हणायचं तर वजनाने निदान ६५ टक्के तेल लागतं, मिरॅकल व्हिपमध्ये तेवढं नाही म्हणून त्याच्या बाटलीवर मेयोनेज लिहिता येत नाही, नुसतं ड्रेसिंग. तेल महाग, पाणी आणि साखर स्वस्त, हिशोब साधा आहे. त्याच देशात दक्षिणेकडे, साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलमध्ये, यूजीनिया ड्यूक नावाची बाई १९१७ मध्ये जवळच्या लष्करी छावणीतल्या सैनिकांना सँडविच करून विकायची, त्यातलं मेयो तिचं स्वतःचं, पुढे सँडविच मागे पडलं आणि मेयोचीच कंपनी झाली. ड्यूक्समध्ये साखर नाही. आणि तिकडची माणसं उन्हाळ्यात टोमॅटोचं सँडविच करतात, नुसता पांढरा मऊ ब्रेड, जाड कापलेला पिकलेला टोमॅटो, मीठ मिरी आणि हे मेयो, त्याला दुसरं कुठलं मेयो चालत नाही म्हणे. ते मी घरी करून बघितलंय, आपल्या गावठी आंबट टोमॅटोला फारच छान, फक्त सिंकजवळ उभं राहून खायचं कारण कोपरापर्यंत गळतं.

आता हॉलंडचं सांगते कारण ते मी स्वतः खाल्लंय. नणंद ॲम्स्टेलव्हेनला असते, तिथे गणपती काय, दिवाळी पहाट काय, सगळं होतं इतकी मराठी मंडळी आहेत. गेल्या गेल्या तिने फ्राइज खायला नेलं आणि मी सवयीने केचप मागायला गेले तर मला म्हणाली, "वहिनी, मेयोच घे गं, इकडे तसंच खातात." तर घेतलं. तिकडे फ्राइजवर जे घालतात ते खरं तर फ्रीटसॉस, मेयोचाच धाकटा भाऊ, तेल बरंच कमी आणि गोडसर, आणि पहिल्या घासाला मला एकदम पुण्याची आठवण आली, ती काही चांगल्या अर्थाने नाही. मग दोन दिवसांनी आम्ही ट्रेनने अँटवर्पला गेलो, म्हणजे बेल्जियममध्ये, अंतर काहीच नाही, आणि तिथे परत फ्राइज परत मेयो, पण हे वेगळंच! घट्ट, पिवळसर, आंबट, मोहरीचा झणका, साखर लागतच नाही जिभेला. बेल्जियमने १९५५ साली कायदाच केला होता की मेयो म्हणायचं तर ८० टक्के फॅट आणि साडेसात टक्के अंड्याचा बलक पाहिजे, अलीकडे तो थोडा सैल केला कारण शेजारच्या देशांतलं स्वस्त मेयो यायला लागलं. मेयोसाठी कायदा करणाऱ्या देशाबद्दल मला आदर आहे. आपण बाकरवडीसाठी असा कायदा करायला हरकत नाही.

हॉलंडची बाजू घ्यायची तर एक गोष्ट आहे, पटाट ओर्लोख. फ्राइज, त्यावर मेयो, त्यावर इंडोनेशियन पद्धतीचा गरम शेंगदाण्याचा साते सॉस, त्यावर बारीक चिरलेला कच्चा कांदा. इंडोनेशिया त्यांची वसाहत होती त्याचा हा परिणाम. आता शेंगदाणा, कांदा आणि बटाटा म्हटल्यावर मराठी माणसाला वेगळं काय सांगायचं, अहोंनी एक संपवून दुसरं मागवलं. इथे ते गोडसर मेयो चालून जातं कारण साते सॉसला स्वतःचा तिखटपणा असतो.

नणंदेच्या फ्रिजमध्ये जपानी क्यूपी मेयो पण होतं, ती मऊ दाबायची बाटली, लाल झाकण, प्लास्टिकच्या पिशवीत. नाकाशिमा नावाचे गृहस्थ अमेरिकेत असताना मेयो खाऊन गेले आणि जपानात परतल्यावर १९२५ मध्ये त्यांनी ते काढलं, पण अख्खं अंडं न घालता फक्त बलक, त्यामुळे ते जास्त दाट आणि जिभेवर बसणारं, आणि त्यात अजिनोमोटो. हो, अजिनोमोटो! चायनीजच्या गाडीवर घातलं की आपण घाबरतो तेच. जपानी माणसं ते ओकोनोमियाकी नावाच्या कोबीच्या धिरड्यावर बारीक रेघा ओढत घालतात. नणंद ते थालीपिठावर घालते, आणि सासूबाईंना फोनवर सांगत नाही.

गोडाचा कळस बघायचा तर मात्र लांब जायला नको, आपल्या लग्नातलं रशियन सॅलड घ्या. मूळ ऑलिव्हिए सॅलड मॉस्कोतल्या हर्मिटाज नावाच्या हॉटेलातलं, एकोणिसाव्या शतकातलं, आता रशियात न्यू इयरला घरोघर करतात ते म्हणजे उकडलेला बटाटा, गाजर, मटार, अंडं, खारवलेली काकडी आणि भरपूर मेयो, आणि ती खारवलेली काकडीच त्यातली मेख आहे, तिच्यामुळे ते खमंग लागतं. आपल्या बुफेत येईपर्यंत काकडी गेली, अननस आला, क्रीम आलं, कधीकधी चेरी. श्रीखंडाच्या शेजारी ठेवलेलं असतं आणि चवीत फार फरक नसतो.

मग घरीच करावं हे ओघाने आलं. अंड्याचं घरी केलेलं मेयो झकास होतं यात वाद नाही, पण ते कच्चं अंडं आहे आणि आपल्या उन्हाळ्यात मी त्या वाटेला जात नाही. केरळने जानेवारी २०२३ मध्ये हॉटेलांत कच्च्या अंड्याच्या मेयोवर बंदी घातली, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये, शोरमा मोमो खाऊन माणसं आजारी पडायला लागली म्हणून. यात मागासलेपण वगैरे काही नाही, स्पेनने १९९१ मध्येच हॉटेलांना सांगितलं होतं की नीट न शिजणाऱ्या पदार्थात पाश्चराइझ केलेलं अंडंच वापरा, आणि स्पेन म्हणजे मेयोचं माहेर आपलंच असं सांगणारा देश. आणि गंमत म्हणजे त्याच स्पेनमध्ये आणि शेजारच्या पोर्तुगालमध्ये दुधाचं मेयो करायची पद्धत आहे, स्पेनमध्ये त्याला लॅक्टोनेसा म्हणतात. म्हणजे आपण ज्याला नकली म्हणून नाक मुरडतो ते तिकडच्या आज्ज्या हँड ब्लेंडरने करतात.

माझं प्रमाण सोपं आहे, दुधाच्या दुप्पट तेल. १०० मिली फुल क्रीम दूध, फ्रिजमधलं गार, तापवून साय काढलेलं नको. २०० मिली सूर्यफुलाचं तेल. लसणाच्या दोन पाकळ्या, मीठ, आणि आता महत्त्वाचं, फेसलेली मोहरी. आंब्याच्या रायत्याला फेसतो तशीच, मोहरीची पूड गार पाण्याचे थेंब घालत घोटायची, ती फिकट होऊन फुगते आणि वास घ्यायला वाकलं की नाकातून थेट डोळ्यांत पाणी, मग समजायचं झाली. ही पाव चमचा पुरे. मोहरी नुसती झणक्याला नसते, ती तेल पाणी धरून ठेवायलाही मदत करते, फ्रेंच लोक मेयोत मोहरी घालतात ते काही उगीच नाही.

हे सगळं उंच अरुंद भांड्यात, तेल सगळ्यात वर, हँड ब्लेंडर तळाला टेकवायचा आणि चालू करून हलवायचाच नाही. तळातून पांढरे ढग वर यायला लागतात, आवाज बदलतो, घर्रर्र वरून जड घुरघुर होतो, तेव्हा हळूहळू वर उचलायचा. लिंबू शेवटी, एका लिंबाचा रस घातला की डोळ्यांदेखत आणखी घट्ट होतं कारण दुधातलं केसीन आंबटाने आवळून येतं. हँड ब्लेंडर नसेल तर चटणीच्या भांड्यात होतं पण तेल धारेने आणि पल्सवर थांबत थांबत, सलग फिरवलं तर भांडं गरम होतं आणि फुटतं, भांडं नव्हे, मेयो. फुटलं तर फेकू नका, दुसऱ्या भांड्यात दोन चमचे गार दूध घ्या आणि फुटलेलं मिश्रण थोडं थोडं त्यात सोडत फिरवा, बहुतेक वेळा सावरतं. कच्चा लसूण आहे, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, तेव्हा फ्रिजमध्येच आणि दोन तीन दिवसांत संपवायचं.

सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चव नंतर, आधी तेलाची बाटली बघितली. "अगं एवढं तेल? यात आठवडाभराच्या भाज्या होतील." होतील ना, पण मेयो म्हणजे तेलच आहे आई, विकतच्यात दिसत नाही एवढंच. मग चमचाभर घेतलं, उकडलेल्या बटाट्याला लावून, आणि लसूण वाढव म्हणाल्या. चिरंजीवांचं मत उलट, "आई हे आंबट आहे, दुकानातल्यासारखं नाही", कारण त्याची जीभ पाकिटावर वाढलीय. त्याला मी ठेचा मिसळून देते, मग बोलत नाही.

तेलावरून एक सांगायचं राहिलं. घाण्याचं शेंगदाणा तेल घातलं तर मेयोला शेंगदाण्याचाच वास येतो, काकडीच्या सँडविचला विचित्र लागतं पण भाजलेल्या वांग्याबरोबर मला आवडतं. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल ब्लेंडरमध्ये फिरवलं की कडू होतं, महाग तेल वाया घालवू नका. आणि कोकणातल्या मैत्रिणीने खोबरेल वापरलं, छान झालं म्हणाली, वासही सुंदर, फक्त रात्री फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी चमचा आत जाईना, खोबरेल २४ डिग्रीच्या आसपासच थिजतं ना. तिने ते सुरीने कापून गरम भाकरीवर ठेवलं आणि लोणी समजून सगळ्यांनी खाल्लं.