चढाला उतरायचं

परवा दुपारी दाभोळहून धोपाव्याला जाताना फेरीबोटीत एक तरुण सायकलवाला भेटला. तंग कपडे, चकचकीत हेल्मेट आणि हँडलवरच्या छोट्या यंत्रात चढउतारांचा आलेख. वैतागून म्हणाला, "काका, समुद्राकाठचा रस्ता म्हणून आलो, पण सपाट असं काही लागतच नाही हो."

म्हटलं, "लागलंय की. त्याच्यावरच उभा आहेस."

खरंच, बाणकोटपासून पूर्णगडपर्यंत दुसरी सपाटी शोधावीच लागते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी. सह्याद्रीतून निघायचं आणि जांभ्याचा सडा, म्हणजे दगडी पठार, चिरत समुद्र गाठायचा, हाच या बायांचा उद्योग. रस्ता बिचारा सड्यावर चढतो, जरा वारा लागतोय तोच खाडीकडे घसरतो, आणि पलीकडे पुन्हा घाटी आहेच. उताराची मजा तरी धड कुठे घेता येते? लग्नाच्या पंगतीत आहेराचं पाकीट आठवावं तसा समोरचा चढ दिसत असतो.

आमचे काका घाटी आली की सायकलवरून उतरत. दम लागल्यावर नव्हे, आधीच. मोरीपाशी डावा पाय पायडलवर, उजवा मागून फिरवून अलगद खाली. मग वाकून पायजम्याची क्लिप काढायची, खिशात टाकायची आणि एक हात हँडलला, एक सीटला लावून चालू पडायचं. मी कॅरिअरवर तसाच बसलेला. मला उतर म्हणाल्याचं आठवत नाही. गडग्यापलीकडून कोणीतरी हाक मारायचं, मग सायकल कमरेला टेकवून गप्पा. कोणाची म्हैस व्याली, कोणाचा मुंबईकर यंदा गणपतीला येत नाही. सड्यावर पोचेपर्यंत वाडीचं वर्तमानपत्र वाचून झालेलं असे. वर गेलं की क्लिप पुन्हा पायाला.

हल्ली चढावर पाय टेकणं म्हणजे अब्रू गेली. चढ हलका व्हावा म्हणून मागे एकोणतीस दातांचं दातेरी चाक बसवतील, जीभ बाहेर काढतील, पण उतरणार नाहीत. अहो, टूर द फ्रान्समध्ये चालत्या सायकलवर गिअर बदलायची मुभा १९३७ साली मिळाली. तोवर भले भले शर्यतवीर घाटाखाली उतरून, दुसऱ्या बाजूचा चढाचा गिअर लागावा म्हणून, मागचं चाक काढून उलटं बसवत होते. त्यांची अब्रू शाबूत राहिली, मग आमची का जावी?

मी उतरतो. गिअर असूनही उतरतो. त्रास एवढाच, की आता सायकल हातात घेऊन चालणारा दिसला की प्रत्येक दुचाकीवाला थांबतो. "काय हो, पंक्चर काय?"

"नाय हो, असाच."

तो संशयाने बघत निघून जातो. जाऊ दे. मे महिन्यात घाटीच्या कडेला करवंदाची जाळी काळी झालेली असते. सायकलवर बसून ती तोडता येत नाहीत, आणि उतारावर तर दिसतसुद्धा नाहीत.